उकंडाने धुराला आंघोळ घातली

माझी शाळा चार बुकांची. दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात, एकाच खोलीत चारही वर्ग बसायचे आणि गुरुजी एकाला पाढे सांगताना दुसऱ्याच्या कानाला हात घालायचे. त्यामुळे शिकलेल्या माणसाबद्दल मला आजही धाक आहे. पण उभ्या आयुष्यात मी पाहिलेला सगळ्यात हुशार माणूस एक दिवसही शाळेत गेलेला नव्हता. त्याचं नाव उकंडा.

नाव असं का, ते आधी सांगतो. त्याच्या आईची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. हा झाला तेव्हा तिने त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीकडून उचलून आणवलं. म्हणजे वाईट नजरेला वाटावं, हे टाकून दिलेलं पोर आहे, याचं काय घ्यायचं. आमच्याकडे अशी नावं पुष्कळ होती. उकंडा स्वतःच म्हणायचा, मी उकिरड्यावरून उचललेला माणूस, मला घाणीचं भेव नाही.

आम्ही दोघं बाबुलाल शेठच्या जिनिंगमध्ये कामाला होतो. आसपासच्या गावांचा कापूस बैलगाड्यांनी यायचा, यंत्रात जायचा, सरकी खाली आणि रुई बाजूला पडायची. सगळी यंत्रं एका वाफेच्या इंजिनावर चालत. इंजिनाला आणि शाफ्टला तेल घालायचं, पट्टे चढवायचे-उतरवायचे, हे माझं काम. मी तांड्यातला माणूस, आजोबांपर्यंत आमची हयात बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहण्यात गेली, यंत्र म्हणजे आमच्या घराण्यात नवलच. आणि वाफ करायला जो बॉयलर होता त्याच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा असायचा उकंडा.

त्याचा हात काय सांगू. आम्ही एकदा वाफेच्या दाबाच्या गेजावर टोपी टाकली आणि विचारलं, काटा कुठं आहे? त्याने बॉयलरकडे कान केला, फावड्याचा दांडा जमिनीला टेकवून वर हात ठेवला आणि म्हणाला, शंभराला दोन कमी. टोपी काढली तर काटा अठ्ठ्याण्णववर. मी चहा हरलो. नंतर आणखी तीनदा हरलो, मग खेळणं सोडलं.

जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून त्याची वस्ती होती. छप्पन सालच्या दसऱ्याला ही सगळी मंडळी नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली. गेली तेव्हा जशी होती तशी परत आली नाही एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. चालणं बदललं होतं. आणि कपडे पांढरे. उकंडाची बायको मथुराबाई जिनिंगमध्येच रुई उचलायच्या कामावर होती. तिने पांढरं लुगडं घेतलं. रिठ्याच्या पाण्यात धुवून, सावलीत वाळवून, घडी करून ती ते पेटीत ठेवायची. रोज नेसायचं ते वेगळं, हे खास दिवसाचं.

सत्तावन्न सालच्या एप्रिलात जयंती आली. धर्म बदलल्यावरची पहिली. सगळी वस्ती पांढऱ्यात, पुढे निळं निशाण, मिरवणूक आमच्या भिंतीच्या बाजूने बाजाराकडे निघाली. हंगाम संपत आलेला, पण कापूस शिल्लक होता म्हणून जिनिंग चालू. वारा नेमका वस्तीकडे वाहणारा. आमचं धुराडं काजळी ओकत होतं आणि ती काजळी बारीक पापडीसारखी तरंगत खाली येत होती. बाजारात पोहोचेपर्यंत बायांच्या लुगड्यांवर तीळ पेरल्यासारखे ठिपके झाले. झटकायला जावं तर ठिपक्याची रेघ व्हायची.

बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर काही रिकामे लोक बसले होते. त्यातला एक मोठ्याने बोलला की पांढरं नेसलं म्हणून काय झालं, आतला रंग बाहेर येतेच. बाकीचे हसले. रांग तशीच पुढे गेली, पण घोषणा देणाऱ्याचा आवाज थोडा वेळ बसला. मी शेठच्या कामासाठी बाजारात निघालो होतो, मिरवणुकीच्या मागून चालत होतो, मी ऐकलं.

संध्याकाळी मी उकंडाकडे चहाला बसलो होतो. मथुराबाईने लुगडं धुवायला घेतलं होतं. पाणी काळं झालं, ठिपके राहिले. ती नवऱ्याकडे न बघता बोलली.

"धूर दुसऱ्या कोनाचा असता तं मी त्याच्या दारात जाऊन भांडली असती. पन हा कोळसा तुमच्या फावड्यानं आत जाते. आता कोनाशी भांडू, सांगा."

उकंडाने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. दुसऱ्या दिवशी कामावर आला तो मला म्हणाला, "नेमसिंगभाऊ, लुगडं धुता येते, भांडं धुता येते. मंग धूर काहून धुता येत नाही?"

मी हसलो. आज ते हसणं आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पावसाळ्यात जिनिंग बंद असते. तेव्हा बॉयलर थंड करून, आतून खरवडून ठेवायचा आणि नागपूरहून तपासनीस साहेब येऊन पाहून जायचे. ते आले त्या दिवशी उकंडा बॉयलरच्या पोटात बसून क्षार खरवडत होता. साहेब बाहेर, मी त्यांच्या बाजूला. उकंडाने आतूनच विचारलं, साहेब, धुरातली काजळी काढायला काय लागते? साहेब घाईत होते, हिंदीत म्हणाले, "इसको स्क्रबर चाहिए," आणि कागद चाळत पुढे गेले.

लोखंडाच्या त्या पोकळ पोटात आवाज घुमला. उकंडाला ऐकू आलं, इसको रबर चाहिए. मी बाहेर उभा होतो, घुमलेलं काही नव्हतं, तरी मलाही रबरच ऐकू आलं, कारण दुसरा शब्द आमच्या दोघांच्याही ओळखीचा नव्हता.

झालं. उकंडा रबर जमवायला लागला. एसटी थांब्याजवळ फकिराचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्याकडून फाटक्या ट्यूबा, टायरचे तुकडे, जे मिळेल ते. फकिरा मोठा टवाळ. उकंडा दिसला की गिऱ्हाईक सोडून ओरडायचा, "काय गा, बॉयलर पंचर झाला काय?" उकंडा म्हणायचा, व्हय, टाक हवा.

हंगाम सुरू झाला तसं त्याने बॉयलरपासून धुराड्यापर्यंत जो विटांचा बोगदा जातो, त्याच्या प्रत्येक फटीवर रबर आवळलं. दोन दिवसांत ते वितळून असा वास सुटला की रुई उचलणाऱ्या बाया नाकाला पदर लावून शेठकडे गेल्या. सगळं काढावं लागलं. लोक त्याला रबरवाला म्हणू लागले. तो चिडायचा नाही. म्हणायचा, साहेब सांगून गेले ना, मंग कुठंतरी लागत असलंच.

आणि लागलं. डिसेंबरात एका दिवशी बॉयलरला पाणी नेणारी नळी चिरली. उकंडा एक ट्यूब कमरेला पट्ट्यासारखी बांधूनच असायचा, ती काढून त्याने नळीवर गुंडाळली. पाणी थांबलं, पण ट्यूबला सुईएवढं भोक होतं, त्यातून पाण्याचा वाफेसारखा बारीक फवारा उडू लागला. तो फवारा जिथे पडत होता तिथेच बोगद्याच्या फटीतून धूर बाहेर येत होता. उकंडा पाहत बसला. मग मला हाक मारली. मी तेलाचं डबडं घेऊन गेलो.

फवाऱ्याखाली जमिनीवर शाईसारखे काळे थेंब पडत होते. फवाऱ्याच्या पलीकडे निघालेला धूर जवळजवळ पांढरा होता.

उकंडाने त्या थेंबांखाली तळहात धरला. मला दाखवला. "पाह्य नेमसिंगभाऊ," तो म्हणाला, "धूर न्हाऊन राह्यला."

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच. धुराला न्हाणी बांधायची. शेठला विचारलं. आता शेठ काही वस्तीच्या लुगड्यांसाठी हो म्हणणार नव्हते, पण त्यांचंही एक दुखणं होतं. अंगणात रुईचे ढीग पडायचे त्यावरही काजळी बसायची आणि घेणारे व्यापारी ठिपके दाखवून नाकं मुरडायचे. शेठनी परवानगी दिली, अट घालून. वाफेचा काटा नव्वदच्या खाली आला तर न्हाणी मोडायची आणि उकंडाने दुसरीकडे काम बघायचं. हे शेठ सगळ्यांसमोर बोलले. मथुराबाईही तिथे होती.

बोगदा धुराड्याला मिळतो त्याच्या अलीकडे उकंडाने पडक्या विटांची एक खोली बांधली, माणूस जेमतेम वाकून उभा राहील एवढी. वरून पाणी सोडायला बागेच्या झाऱ्यांची चार तोंडं टांगली. पहिल्या दिवशी पाणी सोडलं तर ते धारांनी पडलं आणि धूर त्या धारांच्या मधून, बाजारात गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसासारखा, कोरडा निघून गेला. मग उकंडाने पत्र्याची नवी तोंडं केली आणि मथुराबाईच्या शिवायच्या सुईने त्यांना भोकं पाडली. थेंब जितका बारीक तितके थेंब जास्त, आणि जितके जास्त तितकी काजळी सापडणार, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. खाली बांबूचे तट्टे आडवे-तिरपे लावले, म्हणजे धुराला सरळ जाता येऊ नये, वळसे घेत ओल्या तट्ट्याला घासत जावं लागावं. खाली काळं पाणी एका खड्ड्यात जायचं, काजळी तळाशी बसायची, वरचं निवळ पाणी पंपाने पुन्हा वर. आमच्याकडे पाण्याची अशी चंगळ कुठं आहे की एकदा वापरून सोडून द्यावं?

काजळी थांबली. पण बॉयलर रुसला. गरम धूर धुराड्यातून आपोआप वर चढतो आणि मागून हवा ओढतो, त्या हवेवर आग पेटते. न्हाऊन थंड झालेला धूर चढेचना. आग मंदावली, काटा पंच्याण्णव, त्र्याण्णव. न्हाणी टाळून थेट धुराड्यात जाणारी जुनी वाट उकंडाने झडप लावून बंद ठेवली होती, ती झडप झटकन उघडून त्याने धूर तिकडून सोडला म्हणून निभावलं. दोन दिवस तो भंगाराच्या ढिगात हुडकत होता. तिसऱ्या दिवशी तिथला एक पंखा दाखवून मला म्हणाला, हा फिरवशील काय? कापूस उडवून नेणारा जुना पंखा होता, पाती वाकलेली. आम्ही पाती ठोकून सरळ केली, न्हाणीच्या पुढे बसवला आणि मी शाफ्टवरून त्याला पट्टा दिला. पंखा धूर ओढायला लागला आणि आग अशी भडकली की उकंडाला मागे सरकावं लागलं. एवढा आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता, हे आमच्या घरी कोणी वाचून दाखवू नये.

पंधरा दिवसांनी पत्र्याची तोंडं चाळणीसारखी झाली. नळ्याही खाल्ल्या गेल्या. उकंडाने खड्ड्यातलं पाणी बोटाने जिभेला लावलं आणि थुंकला. आंबट. शेठचे मुनीमजी शिकलेले होते, त्यांनी सांगितलं की वणीकडच्या कोळशात गंधक असतं, ते जळून न दिसणारा वायू होतो आणि पाण्यात विरघळला की पाणी तेजाब होतं. म्हणजे पाणी नुसती काजळी धरत नव्हतं, जे डोळ्यांना दिसत नाही तेही धरत होतं. मथुराबाई म्हणायची, आताशा सकाळी डोळे चुरचुरत नाहीत, घसा खवखवत नाही. आम्हाला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक करते. ते खरंच होतं.

मुनीमजींनीच तेव्हा तपासनिसांचा कागद काढून वाचला आणि हसत सांगितलं की साहेब रबर म्हणालेच नव्हते, स्क्रबर म्हणाले होते, म्हणजे घासून धुणारं. उकंडा विचार करून म्हणाला, "म्हंजे घासायचंच होतं. मंग मी दुसरं काय करून राह्यलो?" आणि गंमत पाहा, लोखंडी नळ्या सडल्या तिथे त्याने फकिराच्या ट्यूबा जोडल्या, आणि तेजाबाने त्यांना हात लावला नाही. आंबटपणा मारायला तो पाण्यात राजूरचा चुना टाकू लागला.

एप्रिल आला. जयंती सोमवारची होती आणि जिनिंग चालू. शेठनी उकंडाला मिरवणुकीपुरती सुट्टी दिली होती. तो सकाळी पांढरा सदरा-धोतर घालून आला, दुसऱ्या फावडेवाल्याला आग समजावून दिली, आणि निघताना सवयीने धुराड्याकडे पाहिलं. धूर करडा झाला होता. वस्तीकडून ढोल सुरू झाला होता.

त्याने न्हाणीच्या झरोक्यातून पाहिलं. चारातली तीन तोंडं बंद. तोच चुना सुईच्या भोकांत जमून दगड झाला होता.

सोपा उपाय होता. झडप उघडून धूर जुन्या वाटेने सोडायचा, काटा जागच्या जागी राहतो, आणि तोंडं काढून निवांत साफ करायची. मी तेच म्हणालो. त्याने भिंतीकडे बोट केलं. निशाण भिंतीच्या वर दिसत होतं. झडप उघडली असती तर सगळी काजळी त्या पांढऱ्या रांगेवर.

"मी आत जातो," तो म्हणाला. "आग दाबा. पंखा थांबवू नको, नाही तं मी आतच धुपून जाईन."

"काटा उतरेल, उकंडा. शेठ काय बोलले होते ते माहीत आहे ना?"

"माहीत हाय."

ओलं पोतं डोक्यावर घेऊन, दातात सुई धरून तो बाजूच्या दारातून आत गेला. आग राखेखाली दाबलेली, तरी आत भट्टीच. मी पट्ट्याशी उभा. काटा शंभरावरून खाली यायला लागला. पंच्याण्णव. ब्याण्णव. यंत्रांचा आवाज जड झाला. एक तोंड सुटलं, पाण्याचा फस्स आवाज आला. काटा नव्वद. मग एकोणनव्वद.

यंत्रांचा आवाज बदलला की शेठना गादीवर बसल्या बसल्या कळायचं. ते आले. गेज पाहिला. मग न्हाणीच्या उघड्या दारातून दिसणारे उकंडाचे दोन पाय पाहिले, धोतर गुडघ्यापर्यंत काळं. मी काही सांगायला गेलो, त्यांनी हात वर केला. ढोल आता भिंतीपाशी आला होता. शेठनी धुराड्याच्या तोंडाकडे पाहिलं, अंगणातल्या रुईच्या ढिगाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"मशीन बंद कर," ते मला म्हणाले. "त्याचं होऊ दे. बायलरले वेळ लागते तं लागू दे."

मी पट्टे उतरवले, पंख्याचा तेवढा ठेवला. यंत्रं थांबली आणि जिनिंगमध्ये पहिल्यांदाच मिरवणुकीची घोषणा शब्दन् शब्द ऐकू आली. आतून दुसरं तोंड सुटलं, मग तिसरं. धुराड्यातून कापसासारखी पांढरी वाफ निघाली आणि वस्तीच्या वाऱ्यावर जाऊन विरून गेली.

उकंडा बाहेर आला तेव्हा डोळे आणि दात सोडून सगळा काळा होता. फाटकाजवळ गेला. मिरवणूक समोरून चालली होती. मी वर पाहत होतो, खाली पाहत होतो. एका लुगड्यावर ठिपका नाही. बाजाराच्या वळणापर्यंत नजर पोहोचली तिथवर पांढरं.

मथुराबाई रांगेतून बाहेर निघाली. आधी तिने पदर पुढे ओढून उन्हात धरला, उलटा-सुलटा करून पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"चाला मंग," ती म्हणाली.

"असा?"

"मंग कसे? जयंती थांबते काय तुमच्यासाठी."

तो निघाला. कोणाच्या कपड्याला लागू नये म्हणून रांगेपासून दोन हात अंतर ठेवून, रस्त्याच्या कडेकडेने चालत होता. शेठ आणि मी फाटकात उभे. वळणाजवळ मथुराबाई थांबली आणि आम्हाला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने त्याला म्हणाली, "अजी, इतक्या दूरून कायले चालून राह्यले? लोकं म्हनतीन, भांडून आले."

तो रांगेत शिरला. लोकांनी जागा केली. त्या पांढऱ्यात तो एकटा काळा माणूस मला बाजारापर्यंत दिसत राहिला.